कार्बोनारा रोमची की अमेरिकन सैनिकांची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुमची मुलगी शिकायला इटलीत आहे. तिच्यासोबत राहणारी रोमची मुलगी सांगते, की कार्बोनारा, म्हणजे अंडं, चीज आणि डुकराचं मांस घातलेला पास्ता, हा आमच्या आजीच्या हातचा पदार्थ. तुमच्या मुलीनं त्यात घालायला क्रीम काढलं, तर त्या मुलीनं ते सरळ उचलून फ्रिजमध्ये परत ठेवलं. इकडे तुम्ही वाचलंत, की हा पदार्थ मुळात जुना नाहीच. १९४४ मध्ये अमेरिकन सैनिकांच्या शिध्यातलं बेकन आणि अंड्याची पावडर यांतून तो तयार झाला. मग आजी खरी की सैनिक खरे, आणि क्रीम घातली तर बिघडतं काय, हे तुम्हाला हवंय.

आजी खरी आहे. सैनिकांचाही संबंध आहे. पण त्यावरून कार्बोनाराला 'अमेरिकन पदार्थ' म्हणणं मला पटत नाही, आणि ते का हे सांगायला थोडी जागा लागेल. रोमन स्वयंपाक मी शिकले तो रोमच्या त्रास्तेव्हेरे भागातल्या एका लहान त्रात्तोरियात, म्हणजे घरगुती पद्धतीच्या खानावळीत. आता पुण्यात तोच शिकवते. त्यामुळे छापील पुराव्याइतकाच मी पातेल्यातला पुरावाही धरते.

या वादात लोक एकमेकांना खोटं ठरवतात, कारण तीन वेगळे प्रश्न एकाच नावाखाली येतात. पास्त्याला अंडं, चीज आणि डुकराची चरबी लावायची पद्धत किती जुनी? 'कार्बोनारा' हे नाव कधीपासूनचं? आणि आज रोममध्ये ठणकावून सांगतात तो नियम, की फक्त ग्वांचाले, पेकोरीनो, अंडं आणि मिरी, तो कधी ठरला? पहिल्याचं उत्तर एकोणिसाव्या शतकात आहे, दुसऱ्याचं महायुद्धाच्या आसपास आणि तिसऱ्याचं आपल्या डोळ्यांदेखतच्या काळात. त्यामुळे 'तोच पदार्थ' तुम्ही कशाला म्हणता, यावर उत्तर बदलणार. जिन्नस बघणाऱ्याला एक उत्तर मिळेल, नाव बघणाऱ्याला दुसरं.

पुढे हे शब्द वारंवार येतील म्हणून आत्ताच सांगते. ग्वांचाले म्हणजे डुकराच्या गालाचं मांस, मीठ-मिरी चोळून मुरवलेलं आणि टांगून सुकवलेलं. पांचेत्ता पोटाच्या भागाचं. बेकनही बहुतेकदा पोटाचंच, पण धुरी दिलेलं. पेकोरीनो रोमानो हे मेंढीच्या दुधाचं कडक, चांगलंच खारट चीज.

आता युद्धापूर्वीचं बघू. आदा बोनी या रोमच्याच. इटालियन घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेलेली पाककृतींची पुस्तकं त्यांची. १९३० च्या सुमारास त्यांनी खास रोमच्या स्वयंपाकावर पुस्तक लिहिलं आणि त्यात कार्बोनारा नाही. एखाद्या सर्वसाधारण पुस्तकात नसती तर मी फार मनावर घेतलं नसतं. पण रोमच्याच बाईनं रोमच्याच जेवणावर लिहिलेल्या पुस्तकात नाही, याला वजन आहे. त्या वेळी त्या नावाचा पदार्थ गल्लोगल्ली होत असता, तर तो त्यांच्या नजरेतून सुटला नसता असं मला वाटतं.

या पुराव्याला मर्यादाही आहे. पुस्तकात नाव नाही म्हणजे घरात पदार्थ नव्हता, असं सिद्ध होत नाही. घाईच्या दिवशी उकडलेल्या पास्त्यावर दोन अंडी फोडून, किसलेलं चीज घालून कालवलं तर त्याला बाई नाव कशाला देईल? आणि लिहून तरी कशाला ठेवेल? म्हणून नाव बाजूला ठेवून पद्धत शोधायची. ती सापडते नेपल्सच्या बाजूला. 'काचो ए उओवा', म्हणजे चीज आणि अंडं. वितळवलेल्या डुकराच्या चरबीत पास्ता घोळायचा आणि वरून अंडं आणि चीज यांचं मिश्रण. याची लेखी नोंद १८३९ पर्यंत मागे जाते. त्यात मांसाचे तुकडे नाहीत, मिरीही नाही, पण कार्बोनाराचं मर्म, म्हणजे गरम चरबी आणि कच्चं अंडं यांचं पास्त्याच्या अंगावरच बनणारं सॉस, ते पूर्ण आहे.

दुसऱ्या बाजूला रोमच्या ईशान्येला, आमात्रिचे आणि आक्कूमोली या डोंगरी गावांकडे 'ग्रिचा' आहे. त्यात ग्वांचाले, पेकोरीनो आणि मिरी, अंडं नाही. हा मेंढपाळांचा पदार्थ समजला जातो आणि ते सहज पटण्यासारखं आहे, कारण महिनोन्‌महिने टिकतात असेच जिन्नस त्यात आहेत. ग्रिचात टोमॅटो घातला की आमात्रिचाना. अंडं घातलं की कार्बोनारा.

मी शिकवते तेव्हा हे दोन्ही पदार्थ आधी करून दाखवते आणि मगच कार्बोनाराकडे वळते. स्वयंपाक करणाऱ्याला समोर दिसतं, की दोन्हींमध्ये फक्त एका पावलाचं अंतर आहे. ते पाऊल टाकायला सैन्य यावं लागत नाही. ज्या घरात ग्रिचा होतो आणि ज्या घरी अंड्या-चीजचा पास्ता माहीत आहे, तिथे कोणी ना कोणी हे कधीतरी केलं असणारच. मात्र 'केलं असणार' हे माझं अनुमान झालं. नाव आणि नोंद वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिथेच सैनिक येतात.

रोम मुक्त झालं ४ जून १९४४ ला. त्याआधीचे नऊ महिने शहर जर्मनांच्या ताब्यात होतं आणि खायची भयंकर टंचाई होती. दोस्त सैन्यासोबत जो शिधा आला त्यात बेकन होतं, डबाबंद मांस होतं, अंड्याची पावडर होती. त्यातलं बरंच काळ्या बाजारातून शहराच्या स्वयंपाकघरांत पोचलं. आणि १९५० मध्ये 'ला स्ताम्पा' या तुरीनच्या दैनिकात कार्बोनाराचा उल्लेख येतो तो असा, की रोम मुक्त झाल्यावर अमेरिकन अधिकारी शोधत यायचे तो हा रोमन पदार्थ.

या एका नोंदीवर दोन्ही बाजू हक्क सांगतात. एक म्हणते, बघा, अमेरिकन आले आणि पदार्थ आला. दुसरी म्हणते, अहो, अधिकारी तो शोधत यायचे, म्हणजे तो तिथे आधीच होता. मी नोंद जशी आहे तशी वाचते. पदार्थाला तिथे 'रोमन' म्हटलंय आणि गिऱ्हाइकाला 'अमेरिकन'. बेकन-अंड्याच्या चवीवर वाढलेला माणूस त्रास्तेव्हेरेत येतो, त्याला ओळखीची चव पास्त्यावर मिळते, तो दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन येतो. खानावळवाल्याच्या बाजूनं विचार करा. ज्याला रोज मागणी आहे तो पदार्थ पाटीवर लागतो, आणि पाटीवर लावायचा म्हटलं की त्याला नाव द्यावंच लागतं. माझ्या मते अमेरिकनांचा वाटा हा आहे, आणि तो लहान नाही.

याहून थेट दावा रेनातो ग्वालांदी या बोलोन्याच्या शेफचा. त्यांच्या सांगण्यानुसार २२ सप्टेंबर १९४४ ला अ‍ॅड्रिआटिक किनाऱ्यावरच्या रिच्चोने गावात ब्रिटिशांचं आठवं सैन्य आणि अमेरिकनांचं पाचवं सैन्य यांच्या भेटीच्या वेळी जेवण करायची जबाबदारी त्यांच्यावर आली. हाताशी होतं ते अमेरिकनांचं उत्तम बेकन, क्रीम, चीज आणि बलकाची पावडर. त्यातून त्यांनी पास्त्यासाठी सॉस केलं. पुढे काही महिने ते रोममध्ये दोस्त सैन्यासाठी स्वयंपाक करत होते, त्यामुळे हा पदार्थ रोममध्ये कसा पोचला याचंही उत्तर त्या गोष्टीत आपोआप मिळतं.

(त्या आठव्या सैन्यात भारतीय डिव्हिजनही होत्या आणि त्यांत मराठा पलटणीचे जवान होते. रिच्चोनेच्या त्या जेवणाआधी जेमतेम अडीच महिने, १० जुलै १९४४ ला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे लढता लढता पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. टायबर तीच, जी पुढे रोममधून वाहते. भारतीय जवानांचा शिधा वेगळा असायचा, आटा-डाळीचा, त्यामुळे या पदार्थाशी त्यांचा संबंध लावायचं कारण नाही. पण इटलीतल्या १९४४ बद्दल मराठीत लिहिताना ते नाव न घेता पुढे जाणं मला जमत नाही.)

ग्वालांदींनी ते जेवण केलं नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या जिन्नसांचं काय होतं हे करून बघण्यासारखं आहे आणि मी विद्यार्थ्यांकडून ते करून घेते. बलकाची पावडर गरम क्रीममध्ये कालवली की कस्टर्डच्या जातीचं, सारखं, जाडसर सॉस मिळतं. ते फाटत नाही. उकळीच्या जवळ गेलं तरी धीर धरतं, कारण सगळा भार क्रीम उचलतं. डब्यातलं प्रोसेस्ड चीज असेल तर आणखीच सोपं, त्यातले क्षार सॉसला एकत्र धरून ठेवतात. वर बेकनचा धुरकट वास. चांगलं लागतं, मुलं आवडीनं खातात. पण त्याचं तंत्र वेगळं आहे. सॉस आधी वेगळं तयार होतं आणि मग पास्त्यावर ओतलं जातं.

रोमच्या खानावळीत मी शिकले त्यात सॉस म्हणून वेगळी वस्तू कुठे नसतेच. पास्त्याचं पिठूळ पाणी, ग्वांचालेची सुटलेली चरबी आणि अंडं यांची गाठ पास्त्याच्या अंगावर पडते आणि तिथेच ते मिळून येतं. हे अंड्या-चीजच्या जुन्या पास्त्याचं तंत्र आहे, रिच्चोनेच्या सॉसचं नव्हे. म्हणून ग्वालांदींना मी या पदार्थाचे जनक मानत नाही. त्यांचा पास्ता या कुळातला एक आहे, आणि त्यातलं क्रीम पुढच्या काळात पुन्हा दिसतं, एवढं मात्र खरं.

नावावरून ज्या गोष्टी सांगतात त्यांवर मी वेळ घालवत नाही. 'कार्बोने' म्हणजे कोळसा, तेव्हा आपेनिनो डोंगरातले कोळसा पाडणारे मजूर हा पास्ता खायचे, असं एक मत. त्यांच्या शिदोरीत चीज आणि सुकवलेलं मांस असणं शक्य आहे, पण त्यांच्याशी जोडलेली पदार्थाची जुनी नोंद नाही. एकोणिसाव्या शतकातल्या 'कार्बोनारी' या गुप्त क्रांतिकारी संघटनेचं नाव घेतात, त्याला आधार शून्य. वर भुरभुरलेली मिरी कोळशाच्या भुकटीसारखी दिसते, हे तिसरं. तिन्ही गोष्टी नाव रूढ झाल्यानंतर रचता येण्यासारख्या आहेत, म्हणून पदार्थाचं वय ठरवायला त्या उपयोगी नाहीत.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग. युद्धानंतर छापल्या गेलेल्या पाककृती एकापुढे एक ठेवून बघा. १९५२ मध्ये अमेरिकेत, शिकागोतल्या हॉटेलांवरच्या एका पुस्तकात तिथल्या इटालियन हॉटेलची कार्बोनारा येते: चपटा, बारीक ताजा पास्ता, पांचेत्तासारखं डुकराचं मांस, अंडी, पार्मेझान. १९५४ मध्ये 'ला कुचीना इतालियाना' या इटालियन मासिकात येते, त्यात स्पॅगेटी, अंडी, पांचेत्ता, लसूण आणि ग्रुयेर. हो, लसूण, आणि ग्रुयेर हे तर स्विस चीज. त्याच वर्षी एलिझाबेथ डेव्हिड यांच्या इटालियन जेवणावरच्या पुस्तकातून ती ब्रिटिश घरांत पोचली. आणि १९६० मध्ये लुइजी कार्नाचीना या मोठ्या शेफच्या पुस्तकात ग्वांचाले येतं. आज ज्याला अस्सलपणाची खूण मानतात ते ग्वांचाले. त्याच पाककृतीत क्रीमही आहे!

माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त धक्का याच जोडीचा बसतो. आज ज्या दोन जिन्नसांवरून भांडणं होतात ते इटालियन छापील परंपरेत शेजारी शेजारी उभे आहेत. आणि क्रीम नंतरही टिकलं. आधुनिक इटालियन स्वयंपाकाचे सगळ्यात नावाजलेले शेफ ग्वाल्तिएरो मार्केसी यांच्या १९८९ च्या कार्बोनारात पाव लिटर क्रीम आहे. मार्केसींना इटालियन स्वयंपाक कळत नव्हता, असं म्हणायची कोणाची छाती आहे?

मग क्रीम एवढं रुजलं कसं? हे हॉटेलात काम केल्याशिवाय कळत नाही. दुपारी एक वाजता चाळीस माणसं बसलेली असतात आणि आठ ताटं एकदम जायला हवी असतात. निव्वळ अंड्याची कार्बोनारा बाहेर जायला मिनिटभर उशीर झाला तर घट्ट होते. आच जरा जास्त लागली तर अंड्याची भुर्जी. क्रीम घातलं की अंडं पातळ होतं, त्याचं गोठणं लांबतं, ताट टेबलावर पोचेपर्यंत चकचकीत राहतं. हॉटेलवाल्यासाठी तो विमा होता. शिवाय साठ ते ऐंशीच्या दशकांत क्रीम म्हणजे श्रीमंती, इटलीभर पास्त्यांत क्रीम पडत होतं. तेव्हा क्रीम ही परदेशी लोकांनी केलेली नासधूस, हे म्हणणं इतिहासाला धरून नाही. इटालियन शेफनीच ते घातलं आणि पुढे इटालियन शेफनीच ते काढलं.

काढलं ते साधारण नव्वदच्या दशकापासून पुढे. तोवर रोमचे पास्ते जगभर गेले होते, आणि जे जगभर जातं त्याची 'आमची खरी पद्धत' ठरवायची गरज गावाला पडते. पेकोरीनोचा आणि ग्वांचालेचा आग्रह तेव्हा पक्का होत गेला. आता ६ एप्रिल हा कार्बोनारा दिवस म्हणून साजरा होतो, तोही २०१७ पासून. म्हणजे तुमच्या मुलीच्या मैत्रिणीनं ज्या तत्त्वासाठी क्रीम फ्रिजमध्ये ठेवलं, ते तत्त्व तिच्या आईच्या तरुणपणी एवढं कडक नव्हतं.

पण तिची आजी? इथे वर्षांचा हिशेब करा. आज ऐंशीच्या आसपास असलेली आजी युद्ध संपताना जन्मली. ती स्वयंपाकाला लागली तेव्हा साल १९६० च्या आगेमागे. कार्बोनारा तोवर रोममध्ये पाटीवर होती, मासिकात होती, घरात होती. त्या आजीनं ती तरुणपणी शिकून आयुष्यभर केली असेल, यात काहीही खोटं नाही. ती आजी स्वतःच्या आजीकडून शिकली, असं कोणी म्हणालं तर मात्र मी थांबवेन.

२०२३ मध्ये पार्मा विद्यापीठातले आल्बेर्तो ग्रांदी यांनी 'फायनान्शियल टाइम्स'ला दिलेल्या मुलाखतीत कार्बोनाराला अमेरिकन म्हटलं आणि इटलीत गदारोळ झाला. 'कोल्दिरेत्ती' ही शेतकऱ्यांची मोठी संघटना तर फारच चिडली. तुम्ही वाचलंत ते बहुधा याच वादातून आलेलं असणार. ग्रांदींचं मुख्य म्हणणं मला मान्य आहे: इटालियन जेवणातल्या पुष्कळ 'प्राचीन' परंपरा विसाव्या शतकातल्या, युद्धानंतरच्या सुबत्तेतल्या आहेत. गरिबीत पिढ्या काढलेल्या लोकांच्या ताटात रोज अंडं-मांस कुठून येणार? पण तिथून 'म्हणून पदार्थ अमेरिकन' या निष्कर्षावर उडी मारली की माझी साथ सुटते. आपल्या उपासाच्या साबुदाण्याच्या खिचडीचं बघा. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा तिकडचा, मिरची आणि बटाटाही तिकडचेच. तरी ती खिचडी ब्राझीलची आहे असं म्हणायला कोणी धजणार नाही, कारण ते जिन्नस एकत्र कसे आणायचे, दाणा मोकळा कसा ठेवायचा आणि ती कधी खायची, हे आपल्या घरांनी ठरवलं. पदार्थ कोणाचा, हे माझ्या लेखी तंत्र ठरवतं. बेकन अमेरिकेतून आलेलं असू दे, त्याला अंड्यात आणि पास्त्याच्या पाण्यात गुंफायची रीत रोम-नेपल्सच्या पट्ट्यातली होती.

तर आतापर्यंतचं एकत्र सांगायचं तर: पद्धत एकोणिसाव्या शतकाइतकी तरी जुनी, अंड्या-चीजच्या पास्त्यातून आणि ग्रिचातून आलेली. नाव आणि प्रसिद्धी युद्धानंतरच्या रोममधली, आणि त्यात अमेरिकन शिध्याचा आणि अमेरिकन गिऱ्हाइकाचा खरा हात. नियम मात्र गेल्या तीसेक वर्षांतला. उद्या एखादं जुनं वर्तमानपत्र सापडून नावाची तारीख दहा-वीस वर्षं मागे गेली, तर दुसरं विधान मी आनंदानं बदलेन. पहिल्या आणि तिसऱ्याला त्यानं फारसा धक्का लागणार नाही.

आता क्रीमचं. ते घालणं इतिहासाच्या दृष्टीनं गुन्हा नाही, हे वर आलंच. मी स्वतः घालत नाही, ते चवीसाठी. ग्वांचालेच्या चरबीला एक गोडसर, मुरलेला वास असतो आणि पेकोरीनोला तिखटपणा. क्रीम त्या दोघांवर पांघरूण घालतं, सगळं दुधाळ आणि एकाच सुराचं लागतं. सुपरमार्केटमधलं बेकन आणि सौम्य चीज वापरणार असाल तर झाकण्यासारखं फार काही नसतंच, तेव्हा क्रीमनं नुकसानही होत नाही. घरी लहान मुलं असतील, कच्च्या अंड्याची धास्ती असेल, तर क्रीम घालून अंडं नीट शिजवा आणि निवांत खा. फक्त तुमच्या मुलीला सांगा, की दुसऱ्याच्या घरच्या पदार्थात त्यांच्यासमोर बदल करताना आधी विचारावं. तिच्या मैत्रिणीचा राग इतिहासासाठी नव्हता, आजीसाठी होता.

क्रीमशिवाय करून बघायची असेल तर कुठे लक्ष ठेवायचं ते सांगते, कारण लोक क्रीमकडे वळतात ते अंडं फाटण्याच्या भीतीनं. चौघांसाठी ४०० ग्रॅम स्पॅगेटी, १५० ग्रॅम ग्वांचाले, चार बलक आणि एक अख्खं अंडं, ८० ते १०० ग्रॅम बारीक किसलेलं पेकोरीनो. खारटपणा जास्त वाटत असेल तर त्यातलं निम्मं पार्मेझान घ्या, रोममध्येही पुष्कळ जण घेतात. अंडी, चीज आणि भरपूर ताजी कुटलेली मिरी आधीच कालवून ठेवायची, जाडसर पेस्ट होते. ग्वांचाले बोटाएवढ्या जाड पट्ट्यांत कापून थंड पॅनमध्ये ठेवायचं आणि मगच मंद आच लावायची. सुरुवातीला पांढरी चरबी काचेसारखी पारदर्शक होते, मग पॅनमध्ये सोनेरी तेल जमतं आणि तुकड्यांच्या कडा कुरकुरीत होऊ लागतात. मधला भाग मऊ असतानाच गॅस बंद. तेल टाकायचं नाही, सॉस त्याचंच होणार आहे.

सगळी गोम तापमानात आहे. बलक साधारण ६५ अंशांना दाट व्हायला लागतो आणि ७० च्या पुढे गोळा होतो. उकळत्या पाण्यातून काढलेला पास्ता त्याहून कितीतरी गरम असतो, आणि पॅनमधली चरबी आणखी गरम. म्हणून पास्ता चरबीत घोळल्यावर, त्याच्या पाण्याचा एक डाव घालून, गॅस बंद करून मी पॅन बाजूला ठेवते आणि मिनिटभर थांबते. हे मिनिट कोणाला थांबवत नाही आणि तिथेच भुर्जी होते. मग अंड्याचं मिश्रण ओतून सतत हलवायचं. सैल वाटलं तर पॅन दोन-तीन सेकंद पुन्हा आचेवर, घट्ट वाटलं तर पास्त्याचं पाणी चमचा-चमचा. पॅन हलवताना पास्ता एकमेकांवरून घसरत असला, चिकटत नसला आणि तळाला पाणी वेगळं दिसत नसलं, की झालं. लगेच वाढायचं.

ग्वांचाले आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या काही दुकानांत मिळतं आणि महाग असतं. बेकनवर भागवायचं असेल तर धुरी न दिलेलं मिळतंय का ते बघा. धुरी दिलेलंच असेल तर चार माणसांना १०० ग्रॅम पुरे, नाहीतर धुराखाली अंडं आणि चीज हरवतं. बेकनला चरबीही कमी सुटते, तेव्हा चमचाभर ऑलिव्ह तेल आधी घाला. आणि पेकोरीनो काय, बेकन काय, दोन्ही खारट, म्हणून पास्त्याच्या पाण्यात मीठ नेहमीच्या निम्मंच टाका; त्यातलंच पाणी शेवटी सॉसमध्ये जाणार आहे.